बोंडातली उत्क्रांती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कपाशीची बोंडं वरून हिरवीगार, भरलेली दिसत होती. फोडली की आत गुलाबी अळी आणि पोखरलेली सरकी. बीटी बियाणं पेरलं की बोंडअळीची काळजी मिटली, या पंधरा वर्षांच्या भरवशाला त्या वर्षी तडा गेला. धर्माबाद, भोकर, किनवटपासून सीमेपलीकडच्या तेलंगणापर्यंत कपाशीच्या सगळ्या पट्ट्याला हा प्रश्न आजही भिडलेला आहे. तो कीटकशास्त्राचा आहे तितकाच उत्क्रांतीचाही आहे. उत्क्रांतीविषयीच्या चुकीच्या समजुतींची किंमत इथे थेट शेतकऱ्याच्या खिशातून जाते, म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज १: उत्क्रांती ही लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट. ती घडताना कुणी पाहिलेली नाही.

वस्तुस्थिती: जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, असं विधान केलं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढलं. त्याच महिन्यात मराठवाड्याच्या शिवारात उत्क्रांतीचा ताजा पुरावा उभा होता. भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. तिच्यात अळीला मारणारं क्राय१एसी हे एकच प्रथिन होतं. २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरं प्रथिन जोडलेलं बीजी-२ आलं. गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं. पुढच्या पाच वर्षांत तिथे बीजी-२ वरही ती तगू लागली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राची पाळी आली.

उत्क्रांतीचा वेग वर्षांत मोजायचा नसतो, पिढ्यांत मोजायचा असतो. या किडीचा अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभराचा. एका हंगामात चार पिढ्या धरल्या, तरी पंधरा वर्षांत साठ पिढ्या होतात. माणसाच्या हिशेबाने तो दीड हजार वर्षांचा काळ झाला. एका जातीपासून नवी जात घडायला बहुतेक वेळा फार मोठा काळ लागतो, हे खरं. पण त्यामागची नैसर्गिक निवड आपल्या डोळ्यांसमोर, एका शेतकऱ्याच्या उमेदीच्या काळातही घडते.

गैरसमज २: अळीला विषाची सवय झाली. ती हुशार झाली.

वस्तुस्थिती: कोणतीही एक अळी बदलली नाही. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठराविक रेणूंना चिकटतं, आतड्याला छिद्रं पाडतं आणि अळी मरते. कोट्यवधी अळ्यांमध्ये काहींच्या जनुकांत आपोआप झालेल्या बदलामुळे हे रेणूच वेगळ्या घडणीचे असतात. प्रथिनाला चिकटायला जागा मिळत नाही आणि अळी वाचते. असे बदल बीटीच्या गरजेपोटी घडत नाहीत, ते योगायोगाने होत असतात. बीटीने फक्त निवड केली. साध्या अळ्या मेल्या, वेगळ्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली. बदलतो तो समूह. एकट्या जिवाच्या हाती ते नसतं.

गैरसमज ३: बळी तो कान पिळी. जो ताकदवान, तोच टिकतो.

वस्तुस्थिती: टिकतो तो त्या परिस्थितीत जास्त संतती मागे ठेवणारा. हिरवी बोंडअळी गुलाबीपेक्षा खादाड. कपाशी, तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही तिला चालतं. हरभऱ्यावर तिलाच आपण घाटेअळी म्हणतो. ताकद हाच निकष असता तर बीटीवर मात तिने आधी करायला हवी होती. झालं उलट. तिच्या बऱ्याच पिढ्या बीटी नसलेल्या पिकांवर वाढतात, त्यामुळे बीटीने मरणाऱ्या अळ्यांचा वंश टिकून राहतो. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. सगळी कपाशी बीटी झाली, तेव्हा तिच्यावर निवडीचा दाब अखंड राहिला. शिवाय बीटीला दाद न देणारी अळी सर्वच बाबतींत सरस नसते. साध्या कपाशीवर अशा अळ्या अनेकदा मागे पडतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

गैरसमज ४: जगण्याची स्पर्धा म्हणजे मारामारी.

वस्तुस्थिती: धर्माबादची बाजारपेठ लाल मिरचीसाठी ओळखली जाते, आणि मिरचीचं उदाहरण इथे चपखल आहे. तिचा तिखटपणा सस्तन प्राण्यांच्या तोंडाला झोंबतो, आणि बिया चावून नष्ट करतात ते हेच प्राणी. पक्ष्यांना तो जाणवत नाही, आणि ते बिया अख्ख्या दूरवर टाकतात. मिरचीच्या रानटी पूर्वजांचं फावलं ते शत्रूला दूर ठेवल्यामुळे आणि सोबत्याला जवळ केल्यामुळे. सहकार्य हासुद्धा तगण्याचा मार्ग आहे.

स्पर्धाही बहुतेक वेळा समोरासमोर होत नाही. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणाच्या मिरचीवर थ्रिप्स पार्व्हिस्पायनस हा बाहेरून आलेला फुलकिडा तुटून पडला. तिथे पूर्वीपासून असलेल्या फुलकिड्याला त्याने अनेक ठिकाणी मागे सारलं. दोघांना हवं होतं तेच झाड, आणि नवागताची संख्या झपाट्याने वाढली, एवढंच.

गैरसमज ५: बियाणं बोगस निघालं. आता जहाल औषध फवारलं की झालं.

वस्तुस्थिती: बाजारात बोगस बियाणं असतं, पण अस्सल बियाण्यावरही अळी तगली, आणि त्याची कारणं स्पष्ट आहेत. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळायची. ती कडेच्या ओळींत पेरली, तर तिथे साधे पतंग जगतात आणि दाद न देणाऱ्या पतंगांशी त्यांचा संकर होतो. दाद न देण्याचा हा गुण बहुधा आई-बाप दोघांकडून आला तरच अळी वाचवतो, म्हणून संकरातली पिल्लं बीटीवर मरतात. पण बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. त्यात भारतातली बीटी कपाशी प्रामुख्याने संकरित. तिच्या बोंडातल्या प्रत्येक सरकीत दोन्ही प्रथिनं नसतात, आणि त्या अपुऱ्या विषावर अळ्या पोसल्या जातात. भरीला फरदड. डिसेंबरनंतरही पाणी देऊन पीक उभं ठेवलं की अळीला आयत्या वाढीव पिढ्या मिळतात.

फवारणीने हे सुटत नाही. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं आणि औषध आत पोचत नाही. बाहेर मात्र मित्रकीटक मरतात आणि त्या औषधालाही दाद न देणाऱ्या किडी निवडल्या जातात. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

उलट, निवडीची दिशा बदलता येते. अमेरिकेत साध्या कपाशीच्या राखीव पट्ट्यांनी बीटीची ताकद टिकवली, पुढे वांझ पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कपाशीतून ही कीड संपल्याचं जाहीर झालं. चीनमध्ये बीटी आणि साधी अशी दोन्ही झाडं उगवणारं मिश्र बियाणं वापरल्यावर वाढू लागलेली प्रतिकारक्षमता पुन्हा घटली.

म्हणून कापूस उत्पादकांना विनंती आहे. कमी कालावधीचं वाण निवडा. नॉन-बीटीची वेगळी पुडी मिळाली, तर ती फेकू नका. कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा. डिसेंबरअखेर पीक आवरा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. आणि हे गावाने मिळून करा, कारण पतंग बांध ओळखत नाही. उत्क्रांती थांबवणं कुणाच्या हाती नाही. आपल्या शेतात ती कोणत्या दिशेने जाईल, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.