'लेन'ची मोठी बहीण घरातच होती, मग ती हरवली कधी?

एक सोळा वर्षांची मुलगी संध्याकाळी घरी येते. दार उघडते, तर घरात ती स्वतः आधीच हजर आहे. तोच चेहरा, तेच केस, तोच गणवेश. दारातली मुलगी घाबरून बघत राहते आणि बघता बघता पुसट होत नाहीशी होते. घरातले व्यवहार मात्र ठरल्याप्रमाणे सुरू राहतात.

हा प्रसंग आहे 'सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन' या जपानी ॲनिमे मालिकेच्या पाचव्या भागातला आणि ती मुलगी आहे मिका इवाकुरा, म्हणजे मालिकेची नायिका लेन हिची मोठी बहीण. या भागानंतरही मिका पडद्यावर दिसते, पण ती 'असते' असं म्हणता येत नाही. मालिका संपल्यावर अनेकांना पडणारा प्रश्न हाच: मिकाचं नेमकं झालं काय?

(मालिका पाहायची असेल, तर पुढच्या मजकुरात कथानक आणि शेवट उघड केला आहे, हे लक्षात ठेवा.)

आधी थोडक्यात: 'लेन' काय आहे?

ही मालिका ६ जुलै ते २८ सप्टेंबर १९९८ या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. एकूण भाग १३. दिग्दर्शक र्युतारो नाकामुरा, लेखक चिआकी कोनाका आणि पात्रांची रेखाटनं योशितोशी आबे यांची.

लेन १४ वर्षांची, अबोल शाळकरी मुलगी. तिच्या शाळेतली चिसा नावाची मुलगी आत्महत्या करते. त्यानंतर मुलींना चिसाच्या नावानं ई-मेल येऊ लागतात. आपण फक्त शरीर सोडलंय, 'वायर्ड'मध्ये अजून आहोत, असं त्यात म्हटलेलं असतं. वायर्ड म्हणजे या कथेतलं इंटरनेट. लेन वडिलांकडे नवा कॉम्प्युटर मागते आणि त्या जगात उतरत जाते. पुढे वायर्ड आणि खरं जग यांच्यातली भिंतच पातळ होऊ लागते.

म्हणजे १९९८ साली, जेव्हा बहुतेक लोक फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडत होते, तेव्हा ही मालिका विचारत होती की ऑनलाइन असलेले आपण आणि घरात बसलेले आपण एकच असतो का?

इवाकुरांच्या घरात मिकाचं स्थान काय?

इवाकुरांचं घर विचित्र आहे. वडील यासुओ कॉम्प्युटरच्या पडद्यांसमोर बसलेले. आई मिहो थंड, मुलींशी जेवढ्यास तेवढं बोलणारी. लेन स्वतःतच गुंतलेली.

या तिघांमध्ये मिका सगळ्यात साधी. तिला कॉम्प्युटरचं वेड नाही. ती बाहेर फिरते, कंटाळते, धाकट्या बहिणीला तिरकस बोलते. फार मायाळू ताई ती नाही. पण लेनच्या वागण्यात काहीतरी बदलतंय, हे खटकतं ते तिलाच. आईवडील त्याकडे लक्ष देत नाहीत.

कथेच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. त्या घरात प्रेक्षकाला आपलंसं वाटेल असं एकच माणूस आहे, ते म्हणजे मिका. मालिका तिलाच आधी हिरावून घेते.

पाचव्या भागात काय घडतं?

या भागाचं नाव 'डिस्टॉर्शन', म्हणजे विकृती किंवा वेडंवाकडं होणं. मिका टोकियोच्या शिबुया भागात असते. तिच्या हाती टिश्यू पेपरचं एक पाकीट येतं. जपानमध्ये जाहिराती छापलेली अशी पाकिटं रस्त्यावर फुकट वाटली जातात. पण या पाकिटावर जाहिरातीच्या जागी एक आज्ञा असते: भविष्यवाणी पूर्ण कर.

त्यानंतर ते वाक्य तिचा पिच्छा सोडत नाही. सांडलेल्या पेयाच्या ओघळात तेच शब्द उमटतात. स्वच्छतागृहाच्या दारावर तेच लिहिलेलं दिसतं. आजूबाजूची गर्दी अनोळखी होत जाते. आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात, तशी तिची गत होते. रस्ता ओळखीचा, पण घर काही येत नाही.

अखेर ती घरी पोहोचते, तर तिथे दुसरी मिका असते. मूळ मिका विरून जाते.

दरम्यान, याच भागात लेन आपल्या खोलीत बाहुली, मुखवटा, आई आणि वडील यांच्याशी भविष्यवाणी आणि इतिहास यांवर बोलताना दिसते. हे खरं घडतंय की तिच्या मनात, याचा पत्ता लागत नाही. दोन्ही बहिणींची गोष्ट समांतर चालते. एक जण त्या शब्दांचा अर्थ समजून घेते आहे, दुसरी त्यांच्या ओझ्याखाली चिरडते आहे.

मग घरात राहिली ती कोण?

यानंतरची मिका घरात वावरते, पण तिची नजर कुठेच नसते. पुढे पुढे तर ती बसल्या जागी मोडेमसारखे आवाज तोंडानं काढू लागते. ज्यांनी डायल-अप इंटरनेट वापरलंय, त्यांना ती 'टूं-टूं-खर्र' आठवत असेल. फोन लावला जातोय, पण पलीकडे कुणी उचलत नाही, अशी ती अवस्था आहे.

याचे साधारण तीन अर्थ लावता येतात.

पहिला अर्थ म्हणजे खरी मिका वायर्ड आणि वास्तव यांच्या मधल्या फटीत अडकली आणि घरात तिची अपुरी नक्कल उरली.

दुसरा अर्थ म्हणजे शरीर तिचंच आहे, पण मन मोडून पडलंय. एवढ्या मोठ्या माऱ्यापुढे तिचा 'मी' टिकला नाही.

तिसरा अर्थ म्हणजे वायर्डमधल्या शक्ती भिंत पाडण्याचे जे प्रयोग करत होत्या, त्यात ती फुकट भरडली गेली. भविष्यवाणीची आज्ञा जिच्यासाठी होती, ती कदाचित मिका नव्हतीच.

मालिका यांपैकी एकाही उत्तरावर शिक्का मारत नाही. जपानी लोककथांमध्ये 'इकिर्यो' नावाची एक कल्पना आहे. जिवंत माणसाचा आत्मा शरीर सोडून भटकतो, अशी ती समजूत. पहिला अर्थ त्या जुन्या भीतीच्या जवळ जातो, फरक इतकाच की इथे आत्मा तारांमध्ये हरवतो.

खरी भीती कशाची?

मिकाच्या गोष्टीतली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब म्हणजे तिला कुणी शोधतच नाही. आई डॉक्टरांकडे नेत नाही. वडील चौकशी करत नाहीत. मुलगी घरात दिसतेय ना, मग झालं!

चिसा गेली तेव्हा निदान शाळेत कुजबुज झाली. मिकाच्या जाण्याची नोंदही होत नाही, कारण तिची जागा रिकामी झालेली नाही. ताटावर कुणीतरी बसलेलं आहेच. घरातलं माणूस आतून निघून गेलंय, हे कळायला त्याच्याकडे बघावं लागतं. या घरात जी बघायची, तीच गेली.

सातव्या भागात लेनला विचारलं जातं, की हे आईवडील खरंच तुझे आहेत का? ती गोंधळते. दहाव्या भागात वडील तिचा निरोप घेतात, तेव्हा हे कुटुंब तिच्यासाठी मांडलेला एक डाव होता, हे जवळपास स्पष्ट होतं. मिकाला हे ठाऊक होतं का? मालिका सांगत नाही. पण तिला ठाऊक नसेल, तर या सगळ्यात सर्वांत जास्त फसवणूक तिचीच झाली.

शेवटी मिका परत येते का?

हो, पण त्याची किंमत लेन मोजते. झालेलं नुकसान भरून काढण्यासाठी लेन सगळ्यांच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकते. जग जणू पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्यात चिसा जिवंत असते आणि मिका आधीसारखी असते. फक्त इवाकुरांच्या घरात धाकटी मुलगी कधी नव्हतीच.

इथे दोन्ही बहिणींची अदलाबदल पूर्ण होते. आधी मोठी बहीण देहानं घरात होती, पण खरी हरवलेली होती. आता धाकटी खरंच आहे, सगळं बघते आहे, पण घरात तिला जागा नाही. आधी मिकाची आठवण काढणारं कुणी नव्हतं. आता लेनची आठवण काढायला मिकाही नाही.

मालिकेत एक विचार पुन्हा पुन्हा येतो: ज्याची आठवण कुणालाच नाही, ते कधी अस्तित्वात नव्हतंच. बहुतेक प्रेक्षक तो लेनच्या शेवटाशी जोडतात. पण त्याचा पहिला पुरावा पाचव्याच भागात, घराच्या दारात उभा होता. तो पाहून घरातल्या कुणीही विचारलं नाही, "मिका, तुला काय झालंय?"