डोळ्यातला निळा रंग : भीती कशाची, काळजी कशाची?

मोतीबिंदूच्या रुग्णांची यादी करत आम्ही मुर्रीच्या वस्तीत फिरत होतो. एका आजीने दारातूनच हात हलवला. "डोळ्यात निळी शाई टाकतेत म्हणे. मंग आहे तेवढं बी नाही दिसाचं." तिचा एक डोळा पार पांढरा झाला होता. ओसरीवर बसून तिला जे सांगितले, तेच इथे लिहीत आहोत.

ती शाई नाही. तो ट्रायपॅन ब्ल्यू नावाचा औषधी रंग आहे. मोतीबिंदू पूर्ण पिकला की भिंगावरचे पातळ आवरण डॉक्टरांना दिसेनासे होते, आणि ते नीट गोल कापले नाही तर फाटते. म्हणून थोडा रंग लावतात आणि लगेच धुऊन काढतात. १९९९ पासून ही पद्धत रुळली आहे. रंग डोळ्याच्या पुढच्या भागात राहतो, मागच्या पडद्यापर्यंत सहसा जात नाही.

पडद्याचे ऑपरेशन वेगळे. पडद्याच्या मध्यभागी छिद्र पडले तर तिथली केसाहूनही पातळ, पारदर्शक झिल्ली सोलावी लागते. ती दिसावी म्हणून २००० च्या सुमारास इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग वापरात आला. मुळात तो यकृत आणि हृदयाच्या तपासणीसाठी शिरेतून देण्याचा. पुढे काही रुग्णांची बाजूची नजर कमी झाल्याचे आढळले. रंग घट्ट असणे, जास्त वेळ राहणे, नुसत्या पाण्यात कालवल्याने पेशी फुगणे, वरून ऑपरेशनचा प्रखर प्रकाश, अशी कारणे अभ्यासातून पुढे आली. पडद्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून आता अनेक डॉक्टर ब्रिलियंट ब्ल्यू हा तुलनेने सौम्य रंग पसंत करतात. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तरीही मात्रा आणि वेळ पाळावीच लागते.

आम्ही नर्सिंग केले आहे, म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो : निळे ते सगळे एक नव्हे. ट्रायपॅन ब्ल्यूऐवजी चुकून मिथिलीन ब्ल्यू वापरल्याने बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या पेशींना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बाटलीवरचे नाव आणि मुदत सिस्टरने मोठ्याने वाचावी, डॉक्टरांनी ऐकावी.

ऑपरेशनआधी हे विचारा :

• रंग वापरणार का? कोणता, कशासाठी?
• ऑपरेशन मोतीबिंदूचे की पडद्याचे?
• पूर्वी एखाद्या औषधाची किंवा रंगाची रिअॅक्शन आली असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर आपणहून सांगा.
• ऑपरेशननंतर दुखणे, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

विचारायला लाजू नका. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन मोफत होते, म्हणून आपला प्रश्न फुकटचा ठरत नाही.

रंगाच्या भीतीने थांबलात, तर मोतीबिंदू आणखी पिकतो, आणि पिकलेल्यालाच रंग लागतो. फार फुगला तर काचबिंदू होऊन नजर कायमची जाऊ शकते.

आजी तपासणीला यायला तयार झाली. तिच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून कच्चा आहे. तो वेळेत काढला तर बहुधा रंगाची गरजही पडणार नाही.