दोन तलाठी, एकच गट

एकच गट दोघांना विकला गेला की काय होतं, हे कराडच्या नाहीतर मिरजेच्या कोर्टाच्या आवारात कुणीही सांगेल. वर्षानुवर्षं तारखा पडत राहतात. संगणकाच्या साठ्यात हाच प्रकार सेकंदाच्या आत घडू शकतो, आणि तिथे दाद मागायला जागाच नसते.

सांगलीतली एखादी सहकारी बँक डोळ्यांसमोर आणा. सर्व्हर रूममध्ये तीन-चार दणकट सर्व्हर आणि प्रत्येकावर दहा-वीस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात राहून स्वतंत्र संगणकासारखे वागणारे अनेक संगणक. सर्व्हर बंद पडला तर त्याच्यावरची मशीन शेजारच्या सर्व्हरवर उभी राहायला हवीत. म्हणून त्यांचा डेटा एका सर्व्हरमध्ये न ठेवता सगळ्यांना पोहोचता येईल अशा सामाईक साठ्यात ठेवतात. सोय तिथेच, धोकाही तिथेच.

लिनक्समध्ये या साठ्याची वाटणी बहुधा एलव्हीएम करतं. ते जागेचे साधारण 4 एमबीचे तुकडे पाडतं. 10 टीबीच्या साठ्यात असे 26 लाखांवर तुकडे होतात. काही तुकडे एकत्र केले की झाला एक लॉजिकल व्हॉल्यूम. तुकडे सलग नसले तरी मशीनला ती आपली अखंड डिस्कच वाटते. मग कुठला तुकडा कुणाचा, हे लिहिलेलं असतं कुठे? साठ्याच्या अगदी सुरुवातीला, माणसाला वाचता येईल अशा साध्या मजकुरात! दर बदलाला नोंदीचा क्रमांक एकाने वाढतो. नवी नोंद जुनीच्या पुढे लिहिली जाते आणि जागा संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते, त्यामुळे जुन्या नोंदी बराच काळ तशाच सापडतात. मला तर गाव नमुना सहाची फेरफार नोंदवहीच आठवते. तिथेही प्रत्येक बदलाला नंबर असतो, आणि सातबाऱ्यावरून नाव कमी करायचं तर ते पुसत नाहीत, कंस करतात.

पण गावाला तलाठी एक. तो नोंद धरतो, हरकतींसाठी 15 दिवस जातात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या गटात, प्रत्येक सर्व्हर तलाठी आणि वही एकच. समजा, दोघांनी एकाच क्षणी नोंद क्रमांक 41 वाचली. दोघांनाही तोच तुकडा मोकळा दिसला, दोघांनी तो आपापल्या मशीनला दिला आणि दोघांनीही 42 क्रमांक लिहिला. नंतर लिहिणाऱ्याची नोंद टिकली, आधीच्याची गेली, आणि दोन मशीन एकाच जागेवर लिहू लागली. डिस्क हूं की चूं करत नाही. कोण लिहितंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

म्हणजे कुलूप हवं. ज्याच्याकडे कुलूप, त्यानेच वहीला हात लावायचा. पण कुलूप घेतलेला सर्व्हरच गप्प झाला तर? तो मेला, की फक्त नेटवर्कची वायर तुटली?

सॅनलॉक नावाच्या प्रणालीने यावर काढलेला तोडगा मला विलक्षण वाटतो. एली गाफ्नी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 'डिस्क पॅक्सोस' या रीतीवर ती उभी आहे. तिला सर्व्हरांमध्ये नेटवर्कवरून बोलणं लागतच नाही. ते सामाईक डिस्कवरूनच एकमेकांची खबर घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला 512 बाइट्सची जागा. 2000 सर्व्हरांची सोय जेमतेम एका एमबीत होते. दर 20 सेकंदांनी ज्याने त्याने आपल्या जागेत हजेरी लावायची, बाकीच्यांनी ती वाचायची.

80 सेकंद हजेरी लागली नाही, तर त्या सर्व्हरचा हक्क संपतो. सॅनलॉक त्याच्यावरची, कुलूप धरून बसलेली कामं मारून टाकायला बघतो. ती मेली नाहीत तर वॉचडॉग आहेच. वॉचडॉग म्हणजे एक टायमर. त्याला वेळेत 'थांब' म्हटलं नाही, तर तो अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करतो. त्यासाठी आणखी 60 सेकंद धरलेले असतात. म्हणून बाकीचे 140 सेकंद थांबतात आणि मगच कुलूप घेतात. अर्धवट शुद्धीतला सर्व्हर उशिरा जागा होऊन वहीत खरडणार नाही, याची हमी तो स्वतःच आधी देऊन बसलेला असतो: हजेरी लावता आली नाही, तर मला बंद करा. शेजाऱ्याला काहीही न विचारता तो थांबला आहे याची खात्री निव्वळ घड्याळावरून मिळते!

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या ओव्हर्ट या प्रणालीने सरळ रस्ता धरला आहे. तिथे एकाच सर्व्हरला नोंदी बदलायचा अधिकार असतो आणि बाकीचे त्याच्याकडे मागणी करतात. तशीच दुसरी प्रणाली, प्रॉक्समॉक्सही क्लस्टरभर लागू होणारं कुलूप घेते, पण त्याच्या स्वतःच्या आज्ञांमधून गेलात तरच. घाईत कुणी थेट एलव्हीएमची आज्ञा टाइप केली, तर ते कुलूप वाटेत येतच नाही. माझ्या मते सामाईक साठ्याला खरी भीती असते ती अशा जाणकार माणसाच्या घाईची.

आणि कुलूप म्हणजे बॅकअप नव्हे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तळमजल्यावरच्या साठ्याला अशा वेळी कुठलाच सॅनलॉक वाचवत नाही. सांगलीत सर्व्हर असतील तर वॉचडॉग खरोखर चालू आहे ना हे आजच तपासा, आणि डेटाची एक प्रत साताऱ्याला ठेवा.