तळेगाव चौकात तळेगाव नसतं



आमच्या शाळेतून दहावी होऊन पुढं आयटीआय केलेला एक मुलगा चाकणला एका कारखान्यात मुलाखतीला निघाला. राहायला आकुर्डीत. पत्ता फोनवर सांगितलेला, 'तळेगाव चौकाजवळ'. त्यानं आकुर्डी स्टेशनवर लोणावळा लोकल पकडली आणि तळेगावला उतरून चौक शोधत फिरला. चाकणचा तळेगाव चौक तिथून वीसेक किलोमीटर लांब! चाकणमधून तळेगावकडे रस्ता फुटतो, म्हणून चौकाचं ते नाव. तो पोचला तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या.

या मुलाला नकाशावाचनात मी स्वतः पैकीच्या पैकी गुण दिले होते. म्हणून हा लेख.

गंमत बघा, त्याचे वडील वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लातूरकडून इथं आले, तेव्हा सगळं शहर त्यांनी बसनं, विचारत विचारत पालथं घातलं. मुलाला मात्र रोज गाडीवरून शाळेच्या दारात सोडलं. जे बापाला येतं ते लेकराला शिकवायचं राहून गेलं. आपल्यापैकी किती जणांचं असंच आहे, जरा आठवून पाहा.

नव्या शहरात मुलांना पहिली गोष्ट सांगायची ती ही की नाव म्हणजे जागा नव्हे. आपल्याकडे चौकाचं आणि फाट्याचं नाव बहुधा रस्ता कुठं जातो ते सांगतं. चाकणच्या आंबेठाण चौकात आंबेठाण नाही. पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, तेव्हा एका स्टेशनाला नाव होतं 'भोसरी'. ते स्टेशन नाशिक फाट्यावर आणि भोसरी गाव तिथून तीन-चार किलोमीटर पुढं. पुढं नाव बदलून नाशिक फाटा केलं, हे बरंच झालं. पण नाशिक तिथून दोनशे किलोमीटर आहे, हे नवख्याला कोण सांगणार?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. टोकियोत शिनागावा नावाचं मोठं स्टेशन शिनागावा विभागात नाही, शेजारच्या मिनातो विभागात आहे. आणि मेगुरो स्टेशन मेगुरोत नसून शिनागावा विभागात आहे. तिथल्या मेट्रोनं परक्या माणसासाठी एक सोय केली आहे. प्रत्येक स्टेशनाला मार्गाचं अक्षर आणि क्रमांक. गिंझा म्हणजे 'जी ०९'. जपानी वाचता येत नसलं तरी आकडे मोजत उतरता येतं. आपल्या मुलांनाही ही सवय लावा. नावाबरोबर 'कितवा थांबा' हेही लिहून घ्यायचं.

दुसरी गोष्ट विचारण्याची. मुलं विचारतात, "ही बस चाकणला जाते का?" घाईत समोरचा मान हलवतो आणि फसगत होते. त्याऐवजी "काका, ही बस कुठं जाते?" असं विचारायला शिकवा. मग उत्तर त्याला द्यावं लागतं. विचारायचं कंडक्टरला किंवा टपरीवाल्याला. चाकणच्या चौकात उभा असलेला माणूस आपल्यासारखाच परवा आलेला असू शकतो, आणि नाही म्हणायचा संकोच वाटून हात कुठंही दाखवतो. 'बस रस्त्याच्या कोणत्या बाजूला थांबते' हेही विचारायचं; महामार्गावर चुकीच्या कडेला तासभर उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत. कंपन्यांच्या बसही त्याच चौकात थांबतात, म्हणून पाटी वाचल्याशिवाय चढायचं नाही. (जुनी माणसं पीएमपीएमएलला अजून 'पीएमटी'च म्हणतात. २००७ ला पीएमटी आणि पीसीएमटी एक झाल्या, पण तोंडातलं नाव जात नाही. मुलांना दोन्ही नावं माहीत असू द्यात.)

मी माझ्या आठवीतल्या मुलीबरोबर एक शनिवार असा घालवला. पिंपरीहून मेट्रोनं नाशिक फाटा, तिथून बसनं भोसरी, भोसरीहून दुसरी बस चाकणला. ती पुढं, मी दहा पावलं मागं. अट एकच, मी काही सांगणार नाही. भोसरीत ती उलट्या बाजूला उभी राहिली. दोन बस गेल्या. माझ्या जिभेवर शब्द आले होते, गिळले. मग तिनं उसाच्या रसवाल्या मावशींना विचारलं आणि रस्ता ओलांडला. बसमध्ये तिनं वहीत थांबे लिहिले: मोशी, मग इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी. पुलाशी पिंपरी-चिंचवडची हद्द संपून खेड तालुका लागतो, हे ती पाचवीत शिकली होती. दिसलं त्या दिवशी.

निघण्यापूर्वी परतीची चौकशी करायची, हे मात्र मी आधीच बजावलं होतं. शेवटची बस किती वाजता, शिफ्ट सुटताना गर्दी किती, चाकणच्या कोंडीत किती वेळ जातो. लोकलनं फिरायचं असेल तर वेळापत्रक आधी बघा, दुपारी बराच वेळ गाडी नसते. पैसे दोन खिशांत, आणि फोन नंबर कागदावरही. बॅटरी नेमकी अशाच दिवशी संपते.

येताना तळेगाव चौकातून बस सुटायला उशीर होता. ती पाटीकडे बघून म्हणाली, "बाबा, इथून तळेगावला जाऊन लोकलनं घरी जाता येईल ना?"

मी काही बोललो नाही. ती टपरीवाल्याकडे विचारायला गेली.