बार्शी, यवत आणि घरातला रांजण

१९७३ साली बार्शीत तापाची साथ आली आणि शहरातल्या दर शंभरांपैकी सदतीस-अडतीस जणांना तिने गाठले. ताप चार दिवसांत उतरायचा, पण सांधे असे धरले जायचे की सकाळी उठून तांब्या उचलणे जड जाई. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली असली तरी साताऱ्याचा माण-खटाव आणि सांगलीचा आटपाडी-जत हा त्याच अवर्षणप्रवण पट्ट्याचा भाग. तिथले दुखणे परक्याचे म्हणता येत नाही.

तो चिकुनगुन्या होता. त्याचा विषाणू टांझानियात १९५२ च्या साथीत पहिल्यांदा सापडला. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ती हीच. भारतात चिकुनगुन्याची पहिली नोंद १९६३ ची, कलकत्त्याची. १९६५ मध्ये तो नागपुरात होता आणि तिथल्या तापाचा तपास चालू असतानाच चांदीपुरा हा दुसराच विषाणू संशोधकांच्या हाती लागला.

बार्शीनंतर मात्र सगळे शांत झाले. इतके शांत, की १९८६ मध्ये संस्थेच्या तेव्हाच्या संचालक खोर्शेद पावरी यांनी भारतातून आणि आग्नेय आशियातून चिकुनगुन्या नाहीसा झाल्याविषयी शोधनिबंध लिहिला. हाती असलेल्या पुराव्यावरून दुसरे काही म्हणणे अवघडच होते. विषाणू दिसत नव्हता, पण त्याला वाहून नेणारा एडिस इजिप्ती डास घराघरांत होता.

या डासाच्या सवयी पाहिल्या की आपल्या भागाचा आणि त्याचा संबंध लक्षात येतो. त्याला गटारीचे पाणी नको, साठवलेले स्वच्छ पाणी हवे. टँकर आला की आपल्याकडे घरात असेल नसेल ते भांडे भरून ठेवतात: रांजण, बॅरल, हौद, जनावरांची नांद. मादी सगळी अंडी एकाच ठिकाणी घालत नाही. थोडी इथे, थोडी तिथे, आणि तीही पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. अंडी काळी आणि मोहरीहून कितीतरी बारीक, त्यामुळे सहज दिसत नाहीत. भांडे कोरडे पडले तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की अळ्या बाहेर येतात. रांजणात बॅटरीचा झोत टाका: पृष्ठभागाशी डोके खाली करून लोंबकळणाऱ्या अळ्या क्षणात वळवळत तळ गाठतात. मादी चावते दिवसा, सकाळी आणि दुपार कलताना जास्त. मध्येच हुसकावली की दुसऱ्याला चावते, आणि म्हणून एका घरातली दोन-तीन माणसे एकदमच आजारी पडतात. रात्रीची मच्छरदाणी इथे फारशी कामाची नाही.

सन २००० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या यवतमधून पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांत संस्थेच्या देवेंद्र मौर्य आणि सहकाऱ्यांना चिकुनगुन्याचा विषाणू सापडला. पुढच्या वर्षी त्यांचा शोधनिबंधही आला. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंद. देशात मोठी साथ दिसत नसताना डासाने विषाणूची खबर दिली होती. तिच्याकडे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण २००५ च्या अखेरीस साथ उसळली आणि २००६ मध्ये देशभरात जवळपास चौदा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र त्यात होरपळला. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासूनच्या विषाणूंची जनुकीय तुलना केली, तेव्हा कलकत्ता-बार्शीचा विषाणू आशियाई वळणाचा आणि नव्या साथीचा आफ्रिकी वळणाचा निघाला. यवतच्या डासांतला विषाणू याच आफ्रिकी गटातला होता. पाहुणा साथीच्या पाच वर्षे आधी दारात आलेला होता.

पुढे केरळमध्ये २००७ साली विषाणूत एक बदल दिसला, ज्यामुळे तो झाडाझुडपांत वाढणाऱ्या एडिस अल्बोपिक्टस डासातही सहज वाढू लागला. मग २०२१ च्या जुलैत पुरंदरच्या बेलसरमध्ये महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला. डास तोच, एडिस. बेलसरहून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा.

सांगलीकरांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. पूर ओसरल्यावर टायर, डबे, फुटके माठ यांत पाणी राहते, हे त्यांना सांगायला नको. पण माणदेशात एडिसला पुराची वाट पाहावी लागत नाही. भर उन्हाळ्यातही घरातले पाणी त्याला पुरते. म्हणून दोन्ही जिल्हा परिषदांना विनंती आहे: अळ्यांची पाहणी आणि डास पकडून तपासणे रुग्ण सापडेपर्यंत थांबवू नका, मार्च ते मे याही महिन्यांत टंचाईच्या गावांत ते चालू ठेवा. आणि आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळताना रांजण नुसता उपडा करू नका, काथ्याने आतून कडेपर्यंत घासा.