डोंगरावरील प्रवचन, लेखांक ३ : सौम्यांचे वतन

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली तिसरी धन्यता मराठी वाचकाला एका शब्दाशी अडवते, आणि तो शब्द ‘सौम्य’ नव्हे, ‘वतन’ आहे. सौम्यांना पृथ्वी मिळेल, एवढे म्हणून भागले असते. मराठी बायबलने ती त्यांच्या नावावर वतन म्हणून लिहून दिली. वतन म्हणजे काय, हे या मुलखात वेगळे सांगावे लागत नाही. पाटीलकी-कुलकर्णीपणापायी भाऊबंदांच्या पिढ्या भांडण्यात गेल्या, महजर झाले, माथी फुटली. जे राखायला सौम्यपणा आधी गुंडाळून ठेवावा लागतो, नेमके तेच सौम्यांना मिळेल असे येशू म्हणतो. हे भाबडेपण आहे, फसवणूक आहे, की यात काही तथ्य आहे?

येशूचे हे म्हणणे ३७व्या स्तोत्रातून आले आहे, आणि ते स्तोत्र काही शांत तळ्याकाठी बसून लिहिलेले नाही. त्यात दुर्जनांनी तलवारी उपसल्या आहेत, गरिबाला पाडायला धनुष्ये ओढली आहेत. ज्याला धीर दिला जातो तो माणूस या तलवारींच्या टप्प्यातला आहे. त्याला जळफळू नकोस असे तीनदा बजावले जाते, कारण जळफळता जळफळता माणूस त्याच दुष्कर्माच्या वाटेला लागतो. अशा लोकांसाठी तिथला हिब्रू शब्द आहे ‘अनावीम’. दीन, दडपलेला हा अर्थ त्याच्या कुळातच आहे. ग्रीक शुभवर्तमानात त्याच्या जागी ‘प्राउस’ येतो. हा शब्द माणसाळवलेल्या घोड्याला वापरत, असे उपदेशक हटकून सांगतात. प्राण्यांसाठी तो वापरला जाई हे खरे, पण त्या घोड्यावर जरा जास्तच ओझे लादले जाते. त्यापेक्षा ॲरिस्टॉटल उपयोगी पडतो. त्याच्या लेखी हा गुण शीघ्रकोपी आणि कधीच न रागावणारा यांच्या मधला आहे, आणि रागवायला हवे तिथेही न रागावणारा माणूस त्याला मूर्ख वाटतो. म्हणजे सौम्याला राग येतो. तो कोणासाठी येतो, हे पाहायचे.

ते मोशेवरून कळते. गणनाच्या बाराव्या अध्यायात पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हणून त्याचे नाव येते, आणि शब्द तोच, ‘अनाव’. प्रसंग घरचाच आहे. मोशेने कूशी बायको केली म्हणून सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन कुरकुरतात, आणि बोलता बोलता मुद्दा बायकोवरून मानावर घसरतो: देव काय एकट्या त्याच्याशीच बोलतो? मोशे यावर अवाक्षर काढत नाही. बहिणीच्या अंगावर कोड उठल्यावर मात्र बोलतो, आणि बोलतो ते तिला बरे कर म्हणून. पण हाच मोशे निर्गमात सोन्याचे वासरू पाहून दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडतो, आणि लगेच त्याच लोकांसाठी देवाशी हुज्जत घालतो. स्वतःच्या मानाची फिर्याद त्याने लावलीच नाही. दुसऱ्यांची एकही सोडली नाही. सौम्यता म्हणजे हे, असे मला वाटते.

नीत्शेचा आक्षेप प्रसिद्ध आहे: दुबळ्याला सूड घेता येत नाही, मग तो त्या लाचारीलाच क्षमा म्हणतो. मोशेपाशी अधिकार होता, तेव्हा त्याला हा आक्षेप लागत नाही. माझ्या दृष्टीने जड आक्षेप इथल्या मातीतला आहे. महार वतन हेही वतनच होते. तुटपुंज्या जमिनीच्या नि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या घराने सरकारची आणि गावाची कामे दिवस-रात्र न बघता करायची. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. अहमदनगर-जालना भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या मागे हा इतिहास आहे. जोहार घालून ज्यांच्या माना आधीच वाकल्या, त्यांना चर्चमध्ये पुन्हा नम्रता शिकवायची? आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात तर कठोर धन्याच्याही अधीन राहा असे दासांना सांगितलेच आहे. ते वचन झाकून पुढे जाणे बरे नव्हे. मात्र तिथेच त्या माराला अन्याय म्हटले आहे, आणि पाचव्या अध्यायात वडीलधाऱ्यांना धनीपणा गाजवू नका असे बजावले आहे. दासांच्या ओळी जितक्या वेळा वाचल्या गेल्या, तितक्या या वाचल्या गेल्या नाहीत. खुद्द येशूच्या तोंडात महायाजकाच्या चौकशीत शिपाई मारतो, तेव्हा योहानाच्या वृत्तांतात तो उलट हात उगारत नाही आणि मुकाट गिळतही नाही. का मारलेस, असा जाब विचारतो. वरच्याने खालच्याकडे सौम्यता मागायची सोय या धर्मग्रंथात नाही. ती ज्याची त्याने द्यायची असते.

यावर कोणी विचारील, की मग नम्रता आणि हेका यांत फरक कसा करायचा? पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हाच वाद झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. स्वदेशात पंडितांच्या सभा गाजवून आलेल्या बाईंना ही हरकत समजेना. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्या पत्रांतून प्रश्न विचारीत राहिल्या, आणि वाँटेजच्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना त्यात गर्व दिसला. हा पत्रव्यवहार सिस्टरनीच जपून ठेवला, हे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. १९७७ साली तो पुस्तकरूपाने महाराष्ट्रात छापला गेला. त्या पत्रांतल्या रमाबाई सद्‌सद्विवेकाचा हक्क कोणाच्या हाती द्यायला तयार नाहीत. एवढ्यावर निकाल द्यायचा तर सिस्टरचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

पण रमाबाईंचेही एक वतन होते: संस्कृत. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या मुलीला ते आईबापांकडून मिळाले होते, ‘पंडिता’ ही पदवी त्यावरच उभी होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या बायका-मुली राहत. त्यांच्यासाठी रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करायला बसल्या, आणि प्रचलित मराठी बायबलमधले जड संस्कृत शब्द काढून त्यांजागी खेड्यातल्या बाईला कळतील असे शब्द घालीत गेल्या. बिशपांपुढे न वाकलेल्या या विदुषीने आपली विद्वत्ता नुकतीच अक्षरे लावू लागलेल्या बाईपुढे खाली ठेवली, तीही कोणी न सांगता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. पूर्ण बायबल १९२४ साली निघाले. त्याचे खिळे जुळवले होते ते मुक्तीतल्या बायकांनीच.