खुरावर लिहिलेला पावसाळा

फाल्गुन लागला की गोव्यातल्या डिचोली, पेडणे आणि सत्तरीत घोडे नाचतात. ढोल-ताशे घुमत असतात, कासाळी वाजत असतात आणि कमरेला लाकडी मुंडक्याचा, झूल पांघरलेला घोडा बांधून, हातात तलवार घेऊन गडी लयीत मागेपुढे सरकत असतात. शिगम्यातली ही घोडेमोडणी म्हणजे लढायांच्या काळाची आठवण. पण ज्याची ही आठवण, तो हाडामांसाचा घोडा या दमट मुलखात टिकवणे सोपे नव्हते आणि आजही नाही. विशीला टेकलेले एखादे तट्टू याच फाल्गुनात पुन्हा खोगीर घेण्याजोगे करायचे म्हटले, तर त्याच्या शरीरात काय काय जुळून यावे लागते हे पाहताना थक्क व्हायला होते.

होर्मुझ आणि अरबस्तानातून गलबतांनी आलेले घोडे एके काळी गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगरच्या राजांच्या व दख्खनच्या सुलतानांच्या पागांत जात. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर आफोन्सो द आल्बुकर्कने हा व्यापार मुठीत धरला. दरवर्षी इतके घोडे लागत तरी कशाला? मार्को पोलोने तेराव्या शतकात तमिळ किनाऱ्याबद्दल लिहून ठेवले आहे, की तिथला राजा दरसाल दोन हजारांवर घोडे विकत घेई आणि वर्षाअखेरीस शंभरही उरत नसत. जाणते नालबंद आणि निगा राखणारे कोणी नव्हते, आणि घोड्यांना शिजवलेला भात व मांस चारले जाई. आकडे थोडे फुगवलेले असतील, पण घोडे कशाने मरत ते त्याने बरोबर हेरले होते.

म्हणून सुरुवात तोंडापासून. घोड्याची दाढ पुरती उगवते तेव्हा सुमारे दहा सेंटिमीटर लांब असते, आणि त्यातला बहुतेक भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो. गवतातल्या सिलिकाने ती घासत जाते आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने आतून पुढे सरकते. म्हणजे आयुष्यभर पुरेल एवढी दाढ एकदाच मोजून दिलेली. पंचवीस-तीस वर्षांत ती संपते. वरच्या कोपऱ्यातल्या पटाशीच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक तपकिरी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत येते, मग वरून नाहीशी होऊ लागते. वय सांगायची ही रीत ढोबळ आहे, पण अजून चालते.

घोडा आडवा जबडा फिरवून चावतो, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्यांच्या आतल्या कडा सुऱ्यासारख्या धारदार होतात. गाल सोलवटतो, जीभ कापते. तट्टाच्या पुढ्यात अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडलेले दिसले तर खुराक वाढवून उपयोग नाही. आधी पशुवैद्याकडून दात कानसून घ्यावे लागतात. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. चावताना राहून गेलेले पुढे अडकते आणि पोटशूळ जीव घेतो. दाढा गेलेल्या म्हाताऱ्याला भिजवलेला, मऊ चारा द्यावा. मात्र नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवू नये. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. ती तूट शरीर हाडांतून भरून काढते आणि हाडे ठिसूळ होत जातात.

पावसाळ्यानंतर तट्टू खाऊनपिऊन रोडावत असेल, ताप येत-जात असेल, पोटाखाली किंवा पायांवर सूज असेल, तर रक्त तपासून घ्यावे. गोमाशांच्या चाव्याने पसरणारा सर्रा हा रोग आपल्याकडे आहेच. 1880 मध्ये ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात याचाच वळवळता परजीवी प्रथम पाहिला.

आता मला सर्वांत अजब वाटणारी गोष्ट. घोड्याची प्लीहा हे रक्ताचे कोठार असते. विसाव्यात असताना तांबड्या पेशींचा मोठा साठा ती स्वतःकडे राखून ठेवते. घोडा दौडू लागला की ती आकुंचन पावते आणि साठा रक्तात सोडते. तांबड्या पेशींचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आतून साठ टक्क्यांच्या पलीकडे जाते. हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीसवरून दोनशेच्या वर जातात. घोड्याला स्वतःलाच रक्त चढवता येते, असे म्हटले तरी चालेल. वय झाले की ठोक्यांची ही कमाल उतरते. शिवाय म्हातारा घोडा त्याच कामाला तरुणापेक्षा लवकर तापतो, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. काही घोड्यांचे तर अशा हवेत घाम येणेच थांबते. घाम न येता धापा टाकणारा घोडा हा आणीबाणीचा प्रसंग आहे. त्याला सावलीत नेऊन अंगावर सतत थंड पाणी ओतावे आणि डॉक्टरला बोलवावे.

फाल्गुनात अंगावर लांब केस तसेच राहिले असतील तर तेही लक्षण समजावे. घोड्याचे केस झडतात ते थंडी सरल्यामुळे नव्हे, तर दिवस मोठा होत चालल्याचे शरीराला कळल्यामुळे. गोव्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात दोन तासांचाही फरक नसतो, तरी घोड्याला तो कळतो. म्हाताऱ्या जनावरात पियुषिका ग्रंथीचा आजार बळावला की केस झडणे चुकते, आणि पुढे खुरांच्या आतला थर सुजून घोडा लंगडू लागतो.

घोडा उभा असतो तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर. गुडघ्याखाली पाय हलवणारा स्नायू जवळजवळ नाही, आहेत त्या लांब कंडरा. प्रत्येक पावलाला त्या ताणल्या जातात आणि पुढच्या पावलाला ताकद परत देतात. सराव सुरू केला की हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा आणि हाडे महिनोन्‌महिने मागे राहतात. दोन महिन्यांत तट्टू फुरफुरू लागते, आपणही हुरळतो आणि कंडरा दुखावते ती नेमकी तेव्हा.

खूर तर सर्वांत संथ. महिन्याला आठ-दहा मिलिमीटर. पुढचा खूर वरच्या केसाळ कडेपासून जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे शिगम्याच्या दिवसांत जी कड जमिनीला लागते, ती आदल्या पावसाच्या तोंडाशी उगवलेली असते. तेव्हा आजारपण झाले असेल, चारा अचानक बदलला असेल, तर त्याचा वळसा खुरावर उमटतो आणि महिन्यागणिक खाली उतरतो. उन्हात खूर तिरका धरून बोट फिरवले तर तो हाताला लागतो. पावसाळ्यात चिखलात उभ्या राहिलेल्या खुराच्या तळाची त्रिकोणी गादी काळी पडून कुजते, वास मारते. फाल्गुनातली स्वारी बिघडते ती श्रावणात.

म्हणून खूर कोरडे ठेवण्याचे काम आषाढापासूनचे आणि चालवण्याचे काम दिवाळीनंतरचे. दात, खूर आणि रक्त तपासून झाले की भल्या पहाटे पंधरा-वीस मिनिटे नुसती चाल, पाठ मोकळी ठेवून. तीन-चार आठवडे एवढेच. मग हळूहळू वेळ वाढवावा, त्यानंतर हलका चढ, आणि दुडकी चाल सर्वांत शेवटी. जबड्याच्या हाडाखाली बोटे ठेवली की नाडी लागते. काम थांबवल्यावर पंधरा मिनिटांत ती साठच्या खाली आली नाही, तर आजचे काम जास्त झाले. घाम गेला तर मीठही गेले, तेव्हा मिठाचा खडा पुढ्यात असावा.

आणि पाठीवर किती वजन द्यावे? खोगिरासह जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, म्हाताऱ्याला त्याहून कमी. आपल्याकडचे साधे तट्टू दोनशे ते अडीचशे किलोचे असते, म्हणजे चाळीस-पन्नास किलो हीच हद्द. माथेरानला असो की समुद्रकिनाऱ्यावर, पुढच्या वेळी तट्टावर बसण्याआधी मालकाला त्याचे वय विचारा, बरगड्यांवरून हात फिरवा, खूर पाहा आणि आपले वजन मनाशी मोजा. खोगीर धरून ते या हद्दीच्या वर जात असेल तर तट्टावर लेकराला बसवा आणि आपण शेजारून चाला.